शेवटच्या धावपटूपर्यंत पाणी पोहोचू द्या

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सामुदायिक धावण्याच्या शर्यतींविषयी आपल्या दैनिकात येणाऱ्या बातम्या मी आवर्जून वाचतो. विजेत्याचे छायाचित्र, त्याने नोंदवलेली वेळ, सहभागींचा आकडा आणि ज्या सामाजिक कार्यासाठी निधी गोळा झाला त्याचा उल्लेख, एवढ्यात ती बातमी बहुधा आटोपते. त्यात वावगे काही नाही. मात्र वार्ताहर बातमी पाठवून मोकळा होतो त्या वेळी निम्म्याहून अधिक शर्यत अजून रस्त्यावर असते, ही गोष्ट वाचकांच्या ध्यानात येत नाही आणि दुर्दैवाने ती अनेक आयोजकांच्याही ध्यानात राहत नाही. गेली बरीच वर्षे मी अशा शर्यतींमध्ये स्वयंसेवक म्हणून सर्वांत मागे चालण्याचे काम करत आलो आहे. या कामाला धावपटूंच्या बोलण्यात ‘स्वीपर’ म्हणतात. शेवटच्या धावपटूला सोबत करायची, तो थांबला तर आपणही थांबायचे आणि आपल्या मागे वाटेवर कोणी उरलेले नाही याची खात्री करत शेवटच्या रेषेपर्यंत यायचे, असे त्याचे स्वरूप आहे. तिथून शर्यत जशी दिसते तशी ती व्यासपीठावरून दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एक प्रसंग सांगतो. एका पूर्ण मॅरेथॉनमध्ये, म्हणजे 42.195 किलोमीटरच्या शर्यतीत, शेवटच्या धावपटू होत्या पन्नाशीच्या आसपासच्या एक बाई. शर्यत पूर्ण करण्यासाठी आयोजकांनी 7 तासांची मुदत जाहीर केली होती आणि त्या मुदतीच्या हिशेबानेच त्यांनी वर्षभर सराव केला होता. 30 किलोमीटरपर्यंत सारे ठीक होते. चौतिसाव्या किलोमीटरवर आम्ही पोहोचलो तेव्हा पाण्याच्या थांब्यावरची टेबले घडी करून टेम्पोत चढवली जात होती, रिकाम्या पेल्यांचा खच रस्त्यावर पडला होता आणि पाण्याचे पिंप उलटे करून ठेवलेले होते. घड्याळात पाच तास सदतीस मिनिटे झाली होती. तिथल्या एका कॉलेजवयीन मुलाने ओशाळून आपल्या पिशवीतली अर्धी बाटली त्या बाईंच्या हातात दिली. पुढच्या थांब्यावर तर तेवढेही मिळाले नाही. शेवटच्या वळणावरून आम्ही आत आलो तेव्हा शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीतली हवा सोडलेली होती, ती जमिनीवर सपाट पडली होती आणि वेळ नोंदवणारी पट्टी गुंडाळून ठेवलेली होती. बाई सहा तास बावन्न मिनिटांनी त्या रेषेपाशी आल्या. बिबवरची, म्हणजे छातीवर लावलेल्या क्रमांकपट्टीवरची, चिप वाचायला तिथे काहीच नसल्यामुळे निकालाच्या यादीत त्यांच्या नावापुढे ‘अपूर्ण’ असा शेरा पडला. पदकांची खोकी गाडीत गेली होती. मी धावत जाऊन एक आणले आणि त्यांच्या हातात ठेवले. त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. “मी वेळेत आले ना हो?” एवढेच त्यांनी मला दोनदा विचारले.

त्या प्रश्नाचे उत्तर कागदोपत्री आजही ‘नाही’ असेच आहे, आणि माझ्या मनातून ते जात नाही. जाहीर केलेली मुदत हा आयोजकाने धावपटूला दिलेला शब्द असतो. प्रवेशशुल्क सर्वांकडून सारखे घेतले जाते आणि नियम सर्वांना सारखे लागू असतात. पहिल्या येणाऱ्याला जो थांबा, जे पाणी, जी रुग्णवाहिका मिळाली ती शेवटच्याला मिळणार नसेल, तर ती मुदत छापण्याला काय अर्थ उरतो?

हा केवळ मानापमानाचा प्रश्न असता तर मी कदाचित लिहिले नसते. हा जिवाशी संबंधित प्रश्न आहे. पहाटे सुरू होणाऱ्या शर्यतीत वेगवान धावपटू ऊन चढण्याआधी घरी पोहोचलेला असतो. सावकाश धावणारा मात्र नेमक्या चढत्या उन्हात, सर्वांत थकलेल्या अवस्थेत, रस्त्यावर असतो. म्हणजे जसजसा धोका वाढत जातो तसतशी व्यवस्था आवरली जाते, असा हा उलटा प्रकार आहे. परिश्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात शरीराच्या आतले तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर जाते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, भेलकांडतो आणि पुष्कळदा स्वतःला काही होत आहे हेच त्याला कळत नाही. अशा वेळी आधी त्याला बर्फाच्या पाण्यात बसवून झपाट्याने थंड करायचे आणि मगच रुग्णालयात हलवायचे, हा क्रीडावैद्यकातला सर्वमान्य नियम आहे, कारण पहिला अर्धा तासच निर्णायक ठरतो. ज्या वैद्यकीय केंद्रावरचे बर्फाचे टब पहिले हजार धावपटू येऊन गेल्यावर रिकामे केले जातात, ते केंद्र कोणासाठी होते असा प्रश्न पडतो.

पाण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ‘भरपूर पाणी प्या’ एवढा एकच सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शेवटच्या रेषेवर 488 धावपटूंचे रक्त तपासण्यात आले, तेव्हा त्यांपैकी 13 टक्के जणांच्या रक्तातील सोडियम हा क्षार सामान्य पातळीपेक्षा कमी झालेला आढळला. हा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. शर्यतीदरम्यान जास्त पाणी प्यायल्याने ज्यांचे वजन कमी होण्याऐवजी वाढले होते आणि ज्यांना चार तासांहून अधिक वेळ लागला होता, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. म्हणजे सावकाश धावणाऱ्याला दोन्ही बाजूंनी धोका आहे: सुरुवातीच्या थांब्यांवर भीतीपोटी तो गरजेपेक्षा जास्त पितो आणि शेवटच्या थांब्यांवर त्याला काहीच मिळत नाही. पुढे पाणी नक्की मिळणार आहे असा भरवसा असेल तर माणूस तहानेपुरतेच पितो. हा भरवसा देणे हे पेला भरून देण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

हृदय बंद पडण्याचे प्रसंग अशा शर्यतींत फार विरळ असतात, हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण कोणाला घाबरवून धावण्यापासून परावृत्त करण्याचा माझा हेतू नाही. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे 1 कोटी 9 लाख धावपटूंमध्ये असे 59 प्रसंग घडल्याचे नोंदले गेले आहे. त्यांतील 42 जण दगावले. जे वाचले त्यांच्या बाबतीत जवळच्या कोणीतरी तत्काळ छाती दाबून कृत्रिम रक्ताभिसरण सुरू ठेवले होते, हे महत्त्वाचे कारण ठरले. ते करू शकणारा माणूस शेवटच्या टप्प्यावर शेवटपर्यंत उभा असला पाहिजे.

यावर आयोजकांची बाजूही मला ठाऊक आहे, कारण मी त्यांच्यातलाच एक आहे. रस्ता ठरलेल्या वेळी वाहतुकीला खुला करून द्यावा लागतो, पोलिसांची परवानगी तासांच्या हिशेबात मिळते, स्वयंसेवक मध्यरात्रीपासून राबत असतात, भाड्याच्या प्रत्येक वस्तूला वेळेचे बंधन असते. या अडचणी खऱ्या आहेत. पण त्यांचे उत्तर मुदत खरीखुरी जाहीर करण्यात आहे. सहा तासच परवडत असतील तर सहा तासच छापावेत आणि वाटेतल्या ठरावीक टप्प्यांवर मधल्या मुदती ठेवून, जो त्या गाठू शकणार नाही त्याला सन्मानाने, हाताला धरून गाडीत बसवून परत आणावे. धावपटूला हे चालते. कट-ऑफ, म्हणजे अशी मुदत, चुकला म्हणून बिब काढून देणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत, त्यांना वाईट वाटते, पण फसवले गेल्याची भावना त्यांच्या चेहऱ्यावर नसते. सात तास म्हणून साडेपाच तासांत दुकान आवरणे, हे मात्र कोणालाच सहन होऊ नये.

आणि हे जमू शकते, याची उदाहरणे जगात आहेत. दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स मॅरेथॉन ही पीटरमॅरिट्झबर्ग आणि डर्बन या शहरांदरम्यान धावली जाणारी सुमारे 90 किलोमीटरची शर्यत 1921 मध्ये, पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ सुरू झाली. पहिल्या वर्षी 34 जण धावायला उभे राहिले आणि 16 जणांनी ती पूर्ण केली. आज तिथे हजारो लोक धावतात आणि मुदत आहे 12 तासांची. ती संपण्याच्या क्षणी एक अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदुकीचा बार काढतो. त्यानंतर एका सेकंदाने आलेल्यालाही पदक मिळत नाही. नियम असा कठोर आहे. पण त्याच शर्यतीत अकरा ते बारा तासांच्या दरम्यान पोहोचणाऱ्यांना जे पदक दिले जाते, त्याला शर्यतीचे संस्थापक विक क्लॅफम यांचे नाव आहे. संस्थापकाचे नाव शेवटच्या तासात येणाऱ्यांच्या पदकाला द्यावे, या निर्णयामागची दृष्टी मला फार मोलाची वाटते. शिवाय तिथे अनुभवी धावपटू आपल्यामागे पन्नास-शंभर जणांचा जथा घेऊन ठरावीक गतीने धावतात, त्या जथ्याला सगळे ‘बस’ म्हणतात आणि पुढच्याला ‘ड्रायव्हर’. बारा तासांच्या बसमध्ये शिरलेला माणूस एकटा पडत नाही. कठोर मुदत आणि मायेची सोबत एकाच वाटेवर नांदू शकतात, हे तिथे दिसते.

लहान अंतराच्या धावांचे उदाहरण द्यायचे तर ‘पार्करन’चे द्यावे लागेल. 2 ऑक्टोबर 2004 रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-हेविट यांनी बोलावलेल्या 13 धावपटूंपासून ती चळवळ सुरू झाली. दर शनिवारी 5 किलोमीटर, शुल्क काही नाही, सगळी व्यवस्था स्वयंसेवकांची. तिथे सर्वांत मागे चालणारा स्वयंसेवक ही नेमून दिलेली जबाबदारी असते आणि निकालात शेवटचे नाव त्याचेच लागते, त्यामुळे आलेल्यांपैकी कोणालाही ‘मी शेवटचा’ असे म्हणण्याची वेळ येत नाही. इतकी साधी युक्ती. तिला पैसा लागत नाही.

सामाजिक कार्यासाठी होणाऱ्या ‘फन रन’मध्ये तर ही काळजी अधिक घ्यायला हवी, कारण तिथे येणारे अनेक जण आयुष्यात पहिल्यांदाच धावत असतात. आजारातून उठलेले, आजीआजोबा, मुलांना ढकलगाडीत घेऊन आलेले आईवडील, कोणाच्या तरी आठवणीसाठी पाठीवर नाव लिहून आलेले असे ते लोक असतात. या परंपरेच्या मुळाशी असलेला एक माणूस पाहा. कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचा पाय कर्करोगामुळे कापावा लागला होता. 1980 मध्ये कृत्रिम पायाने रोज जवळजवळ एक मॅरेथॉन इतके अंतर धावत त्याने 143 दिवसांत 5,373 किलोमीटर कापले आणि आजार पुन्हा उलटल्यामुळे त्याला थांबावे लागले. त्याची धाव पूर्ण झाली नाही. पुढच्या वर्षी तो गेला आणि त्याच वर्षापासून त्याच्या नावाने दरवर्षी निघणारी धाव मुद्दाम स्पर्धेविना ठेवण्यात आली. अशा धावेत वेगवान तरुणांची बक्षिसे उरकून मंडप सोडायला घेणे हे तिच्या हेतूशी विसंगत आहे.

अल्ट्रामॅरेथॉन, म्हणजे मॅरेथॉनहून लांब पल्ल्याच्या, आणि अनेक दिवसांच्या शर्यतींमध्ये ‘शेवटचा कुठे आहे’ या प्रश्नाला निराळेच गांभीर्य येते. तिथे वस्ती नसते, रात्र मध्ये येते, झोपेअभावी भास होऊ लागतात आणि दोन मदत केंद्रांमध्ये कित्येक तासांचे अंतर असू शकते. ग्रीसमध्ये 1983 पासून होणाऱ्या अथेन्स ते स्पार्टा या 246 किलोमीटरच्या स्पार्टाथलॉन शर्यतीत 36 तासांच्या मुदतीसाठी वाटेत 75 तपासणी थांबे असतात आणि प्रत्येकाला आपली मुदत असते. ती शिस्त मुळात धावपटू कुठवर आला आहे हे सतत कळत राहावे म्हणून उपयोगी पडते. सहारा वाळवंटातल्या माराथॉन दे साब्ल या सुमारे 250 किलोमीटरच्या, अनेक टप्प्यांच्या शर्यतीत ताफ्याच्या मागे उंट चालतात. उंटांच्या मागे पडणारा शर्यतीबाहेर होतो, पण एकटा राहत नाही. याच शर्यतीत 1994 मध्ये माउरो प्रॉस्पेरी हा इटालियन धावपटू वाळूच्या वादळात वाट चुकला आणि नऊ-दहा दिवसांनी थेट अल्जीरियाच्या हद्दीत सापडला. तो वाचला हे त्याचे धैर्य आणि नशीब.

चीनच्या गान्सू प्रांतात 22 मे 2021 रोजी झालेल्या 100 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत नशिबाने साथ दिली नाही. 172 धावपटू निघाले. दुपारी उंचावरच्या भागात अचानक सोसाट्याचा वारा, गारा आणि गोठवणारा पाऊस सुरू झाला आणि 21 जण थंडीने मरण पावले. वाऱ्यापावसापासून बचाव करणारे जाकीट जवळ बाळगणे तिथे सक्तीचे नव्हते. बहुतेक जण अर्ध्या चड्डीत आणि पातळ सदऱ्यात होते. तिथे बळी पडलेल्यांत सर्वांत पुढे असलेले नामवंत धावपटूही होते, हे मी मुद्दाम लिहितो. निघालेल्या प्रत्येकाचा ठावठिकाणा ठेवणारी व्यवस्था शेवटच्यासाठी म्हणून उभी केली तरी ती पहिल्याच्याही उपयोगी येते. जाकीट, डोक्यावरचा दिवा, शिट्टी, अंगाभोवती गुंडाळण्याचे उष्णतारोधक पातळ आवरण, एवढे सामान तपासल्याशिवाय डोंगरात सोडायचे नाही, हा नियम अनेक आयोजक काटेकोरपणे पाळतात; जे पाळत नाहीत त्यांच्या शर्यतीत नाव नोंदवण्याआधी धावपटूंनी विचार करावा.

आमच्या कामात एक वही असते. सकाळी निघालेल्यांची संख्या, वाटेत थांबलेल्यांची संख्या आणि पोहोचलेल्यांची संख्या. पहिल्या आकड्यातून दुसरे दोन वजा केले की शून्य यावे लागते, आणि ते येईपर्यंत शर्यत संपलेली नसते. एकदा रात्रीच्या शर्यतीत आमचे उत्तर एक आले. तो धावपटू पाय मुरगळल्यामुळे कोणालाही न सांगता मित्राच्या मोटारीतून घरी निघून गेला होता आणि आम्ही सहा जण पहाटेपर्यंत हातात विजेऱ्या घेऊन ओढ्याच्या काठाने त्याचे नाव घेत फिरत होतो. म्हणून धावपटूंनाही विनंती आहे की शर्यत सोडलीत तर जवळच्या स्वयंसेवकाला बिब क्रमांक सांगा, मगच वाट सोडा. आयोजकांनी तो सांगण्यासाठी बिबच्या मागे संपर्क क्रमांक छापावा.

आपल्या दैनिकाकडून माझी अपेक्षा एवढीच आहे की कोणत्याही शर्यतीची बातमी देताना सहभागींच्या आकड्याशेजारी हे तिन्ही आकडे आयोजकांकडून मागून छापावेत आणि जाहीर केलेल्या मुदतीपर्यंत शेवटची रेषा, पाणी आणि वैद्यकीय केंद्र सुरू होते का, हे एका वाक्यात सांगावे. वर्तमानपत्र विचारणार आहे हे कळले की कमान उभी राहील, असा माझा अनुभवाचा विश्वास आहे. 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकमधल्या मॅरेथॉनमध्ये टांझानियाचा जॉन स्टीफन अख्वारी गुडघ्याला पट्टी बांधून, विजेत्यानंतर तासाहून अधिक वेळाने, 57 वा म्हणजे सर्वांत शेवटी स्टेडियममध्ये शिरला. तो आज जगाला ठाऊक आहे, कारण त्या वेळी एक कॅमेरा अजून चालू होता.

पुढच्या शर्यतीला आपला वार्ताहर पाठवाल तेव्हा त्याला बक्षीस समारंभानंतर शेवटच्या रेषेपाशी थांबायला सांगावे. मी मुदत संपण्याच्या सुमारास तिथे पोहोचेन, आणि माझ्या पुढे जो कोणी असेल त्याची मुलाखत त्याला घेता येईल.

आपला नम्र,
सर्वांत मागे चालणारा एक स्वयंसेवक